केनी गोलमध्ये

गुरुवार, ९ जानेवारी

रेनिस गेला. डनरॉयला! दुसरीकडे कुठेही गेला असता तर मी दोन दिवस धुसफुसले असते आणि गप्प बसले असते. पण डनरॉय, आमच्या कट्टर वैऱ्यांकडे!

कळलं तेही शाळेच्या स्वयंपाकघरात, बटाटे सोलताना. माझ्याबरोबर काम करणाऱ्या जेसीने फोन नाकासमोर धरला. आमच्या आइस हॉकी संघाचा गोलकीपर त्यांची लाल जर्सी हातात धरून उभा, दात काढून हसतोय. दीड वर्ष आमच्या मागच्या खोलीत राहिला हा मुलगा. लॅटव्हियाहून आला तेव्हा त्याला धड चहा मागता येत नव्हता. खिमा-बटाटे खायला मी शिकवलं, शिव्या द्यायला माझ्या नवऱ्याने, केनीने.

संध्याकाळी सामान न्यायला आला. केनी त्याच्या पिशव्या गाडीत ठेवू लागला. मी वरच थांबले. इस्त्री करायची होती म्हणून — नव्हती. एकाच उशीच्या खोळीवर चार वेळा इस्त्री फिरवली.

केनी म्हणतो, रेनिस जाताना जिन्याखाली बराच वेळ उभा होता. असेल.

शुक्रवार, १० जानेवारी

आमच्या ऑटर्स संघाची अवस्था लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की मी वाढवून सांगते. सलग नऊ सामने हरलो. तळाला. नोव्हेंबरपासून चार जण सोडून गेले. प्रत्येकाचं निवेदन तेच — कुटुंबासाठी घेतलेला कठीण निर्णय. दुसरा गोली, म्हणजे गोलकीपर, कॅलम, त्याचं मनगट नाताळाच्या आधी मोडलं. म्हणजे आता गोलमध्ये उभं राहायला माणूसच नाही!

रॉडी कोचने फिनलंडचा एक गोली शोधलाय, पण त्याचे कागद यायला तीन आठवडे. आणि लीगचा नियम असा की संघ दोनदा बर्फावर उतरला नाही की बाहेर. उद्या-परवा सामने आहेत. परवा रात्रीपर्यंत कॅरिकबर्नचं, आमच्या गावचं, हॉकी संपलेलं असू शकतं. सत्तर वर्षांचं.

बीटीला फोन केला. बीटी एक्क्याऐंशी वर्षांची, स्टँडमध्ये माझ्या शेजारची, गायीच्या गळ्यातली मोठी घंटा घेऊन येते ती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी उभी राहते की. माझे गुडघे तसेही इतके जवळ आलेत की पायांमधून काही जाणारच नाही."

शनिवार, ११ जानेवारी, सकाळ

रॉडी घरी आला. केनी पहाटेपासून रस्त्यांवर बर्फ वितळायला मीठ टाकून नुकताच परतला होता. कौन्सिलची मीठगाडी चालवतो तो, थंडीत चार महिने. ओट्सची लापशी खात बसला होता. रॉडीने टोपीसुद्धा काढली नाही. विचारलं, "केनी, तुझे पॅड अजून आहेत ना?"

केनी सेहेचाळीसचा आहे! बुधवारी म्हाताऱ्यांच्या संघात गोलमध्ये उभा राहतो. तिथे जोरात मारायचं नाही असा अलिखित नियम आहे, कारण गावातला डॉक्टर त्याच संघात खेळतो आणि त्याला खेळताना काम नको असतं.

केनीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतोस, विचारतोय तो तुला. मग त्याने रॉडीला विचारलं, "किती गोल खाल्ले तर चालतील?"

"कितीही खा. फक्त साठ मिनिटं उभा राहा."

त्याने अर्जावर सही केली. लापशी संपवली. वाटी धुतली. मग मला म्हणाला, जरा पाठ चोळून देशील का.

तोच दिवस, संध्याकाळ

११-१.

पहिला गोल चाळिसाव्या सेकंदाला. मी डोळेच मिटून घेतले, तर बीटीने कोपर मारलं — तो उघडे ठेवून उभा आहे तर तू मिटतेस काय. पाठीवर त्याचं नाव चिकटपट्टीने लिहिलेलं. दुसऱ्या सत्रात त्यातली दोन अक्षरं गळून पडली. सहा गोल झाल्यावर लोक घरी जातील असं वाटलं होतं. गेले नाहीत. उलट केनीने एक अडवला की टाळ्या. आधी हसत हसत, मग खरोखरच्या. शेवटी शेवटी चारशे माणसं उभी होती आणि बीटीच्या घंटेने माझा डावा कान गेला.

घरी येऊन टबात बसला आणि उठता येईना. शेजारच्या ड्युगीला बोलावून दोघांनी ओढून बाहेर काढला.

मी म्हटलं, अकरा रे.

म्हणाला, "त्रेचाळीस अडवले."

रविवार, १२ जानेवारी

आज आठच!

मंगळवार, १४ जानेवारी

केनी डाव्या कुशीवर झोपू शकत नाही. उजव्याही नाही. खुर्चीत झोपतो. शाळेत पोरं मला विचारतात, बाई, तुमचा नवरा तोच ना, अकरावाला? मी म्हणते, हो, त्रेचाळीसवाला. आणि त्यांच्या ताटात वाटाणे जास्त वाढते.

रविवार, १९ जानेवारी

काल ६-३, आज ७-२. हरण्याचंही एक वळण असतं, आणि आपलं वळण सुधारतंय असं बीटीचं मत.

पण आज मी घाबरले. एक पक, ती कडक रबरी चकती, केनीच्या खांद्याच्या हाडावर बसली, पॅड जिथे संपतं बरोबर तिथे. खाली बसला तो उठेना. काठावर डॉक्टर उभा राहिला. रिंक इतकी शांत की बर्फाखालच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. मग उठला. स्टिक दोनदा खांबावर आपटली, खेळ सुरू करा म्हणून.

घरी शर्ट काढला तर जांभळा डाग, जेवणाच्या ताटाएवढा. मी म्हटलं, पुरे झालं. रॉडीला सांगते. क्लब बंद पडला तर पडला, मला नवरा हवाय. तो गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी खांद्यावर धरून बसला होता. म्हणाला, अजून दोनच आठवडे.

मी विचारलं, तुलाच का एवढं? संघात वीस जण आहेत.

त्याने मग टीव्ही लावला. आमच्या घरी केनीला काही सांगायचं नसलं की टीव्ही लागतो. सांगायचं असलं तरीही तोच लागतो, त्यामुळे वीस वर्षांत मला फरक कळलेला नाही.

रविवार, २६ जानेवारी

काल ५-३. आज ४-३! शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरी होती. पोरं आता त्याच्यासाठी जिवाच्या आकांताने धावतात. तो एकोणीस वर्षांचा मॅग्नस — जो कधी पाठीमागे वळूनही बघायचा नाही — आज पकसमोर आडवा पडला. नंतर त्याने मला सांगितलं की मिस्टर लॉरी — म्हणजे आमचा केनी — दुखून कण्हतात ते ऐकवत नाही, म्हणून.

बेकरीत माझ्याकडून पाय-पेस्ट्रीचे पैसे घेतले नाहीत. केनीच्या नावाने एक नवी पेस्ट्रीही काढलीय — आत मटण, आणि मीठ जरा जास्त.

बुधवार, २९ जानेवारी

फिनलंडवाल्याचे कागद सोमवारी येणार. म्हणजे शनिवारही केनीचाच. आणि शनिवारी येतंय कोण? डनरॉय. समोरच्या गोलमध्ये रेनिस.

मी बीटीला म्हटलं, मी हुर्यो उडवणार, घसा बसेपर्यंत. ती म्हणाली, उडव, मी ताल धरते.

शनिवार, १ फेब्रुवारी

अक्षर वेडंवाकडं येतंय. २-२! पेनल्टीत हरलो, पण बरोबरीचा एक गुण मिळतो. सलग पंधरा हारींनंतर एक गुण! चषक जिंकल्यासारखे लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. रॉडी रडला. ड्युगीने माझ्या डोक्यावर गरम बोव्हरिल सूप सांडलं आणि मला पत्ताच नाही.

केनीने एक्केचाळीस अडवले. तिसऱ्या सत्रात एक तर पाठीवर पडून, पाय वर करून. तो मुद्दाम केला की घसरला, हे मी विचारणार नाही.

सुरुवातीला रेनिस बर्फावर आला तेव्हा मी हुर्यो उडवायला तोंड उघडलं. तो सरळ आमच्या रांगेकडेच बघत होता. तोंड उघडंच राहिलं, आवाज निघाला नाही. बीटीचा ताल वाया गेला.

सामना संपल्यावर दोन्ही संघ ओळीने हात मिळवतात. रेनिस केनीपाशी आला, मुखवटा काढला आणि त्याला मिठी मारली. बाकीचे मागे खोळंबले. काहीतरी बोलत होता. केनी त्याच्या पाठीवर थोपटत होता, आमच्या कुत्र्याला थोपटायचा तसा.

पलीकडे, डनरॉयच्या लोकांत, एक बारीकशी मुलगी उभी होती. पोटाशी बाळ बांधलेलं. रेनिसने तिच्याकडे बघून हात हलवला.

रविवार, २ फेब्रुवारी

आज सामना नाही. अंडी-बेकन केलं आणि केनीला विचारलं, ती मुलगी कोण.

म्हणाला, बायको. लास्मा. बाळ मुलगी आहे, मिल्डा. रेनिस आमच्याकडे राहायला होता तेव्हा ती जन्मली, तिकडे लॅटव्हियात. सहा महिने त्याने लेक फोनवरच पाहिली. आमच्या क्लबचा करार एप्रिलपर्यंतच होता, आणि मागच्या एका खोलीत तिघं कशी राहणार. डनरॉयने दोन वर्षांचा करार दिला, आणि राहायला घर.

मी म्हटलं, मला कसं माहीत नाही हे?

"तुला सांगायला घाबरत होता तो. तू ऑटर्स सोडून जाणाऱ्यांबद्दल जेवताना जे जे बोलायचीस, ते सगळं त्याला समजायला लागलं होतं."

मी मग म्हटलं, आणि तुला माहीत होतं.

केनीने टीव्हीच्या रिमोटकडे हात नेला. मी रिमोट उचलून ओट्यावर ठेवला.

"मला विचारलं होतं त्याने," केनी म्हणाला. "नाताळच्या आदल्या दिवशी. मीच म्हटलं, जा. लेक मोठी होईल, हॉकी कुठे जातंय. मग तो गेल्यावर रॉडी दारात आला. मीच ज्याला जा म्हटलं, त्याच्या जागी उभं राहायला मी नाही कसं म्हणणार?"

वीस वर्षं संसार झालाय आमचा. एवढी सलग वाक्यं मी त्याच्या तोंडून लग्नातसुद्धा ऐकली नव्हती.

माझं बेकन गार झालं. रागवायचं होतं. खूप ठरवलं. मग उठून त्याच्या खांद्याला मलम लावलं — जरा जोरातच लावलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

फिनलंडवाला आला. आर्तू. सहा फूट चार इंच, मागच्या खोलीतल्या पलंगाबाहेर पाय. खिमा-बटाटे दोनदा घेतले. राहील असं दिसतंय.

केनीने पॅड धुऊन बागेत वाळत घातलेत. शेजारपाजारचे येऊन बघून जातात.

शनिवार, १५ फेब्रुवारी

जिंकलो! ४-१! आर्तू भिंत आहे, भिंत. सामन्याआधी केनीला बर्फावर बोलावून त्याचं नाव नीट शिवलेली जर्सी दिली. माइक पुढे केला तर म्हणाला, "बरं वाटलं." आणि निघून आला. लोकांनी त्याच्यासाठी पाच मिनिटं टाळ्या वाजवल्या.

रविवार, २ मार्च

गेल्या सहांपैकी चार जिंकलो. तळाला आहोतच, पण आता तळाला गर्दी आहे.

मंगळवार, ४ मार्च

चहाच्या वेळी फोन. रेनिस. मी केनीला हाक मारणार, तर म्हणाला, नको, इश्बेल, मला तुमच्याशी बोलायचंय.

त्याचा गुडघा गेलाय. या हंगामात तो खेळत नाही. त्यांचा दुसरा गोली तापाने पडलाय आणि शनिवारी सामना आहे. त्यांच्या कोचने रॉडीला विचारलंय, केनी उसना मिळेल का, आणि रॉडी हो म्हणाला — आता आर्तू आहे, कॅलमचं मनगटही जुळलंय. "पण मी म्हटलं, आधी इश्बेलला विचारा. केनी तिला विचारल्याशिवाय काही करत नाही."

मी म्हटलं, करतो, चांगलाच करतो.

तो मग हळूच म्हणाला, "त्या दिवशी मी जिन्याखाली उभा होतो."

"माहीत आहे. मी वर इस्त्री करत होते." आणि मग एकदम तोंडून निघालं, "बाळ बसायला लागलं का?"

अर्धा तास बोललो. बाळाला दोन दात आलेत.

शनिवार, ८ मार्च

डनरॉय ४, पाहुणे ३. लास्माच्या शेजारी बसले. बाळ माझ्या मांडीवर. शेवटच्या सेकंदाला केनीने हातमोज्यात पक पकडला तेव्हा मी उभी राहून काय ओरडले ते इथे लिहीत नाही.

सोमवार, १० मार्च

केनीने हंगाम संपेपर्यंत डनरॉयशी सही केली. पेन मीच दिलं. बावीस तारखेला ते इथे खेळायला येतायत, आपल्याविरुद्ध. बीटीला अजून सांगितलेलं नाही.