चेष्टा मत करो

ती. आईस, ईशानीचा झाशीहून नमस्कार.

प्रेम नगरातली खोली हवेशीर आहे, जेवणही बरं मिळतं. तुझा गुडघा कसा आहे?

शाळेची मात्र किळस आलीय. चौथीतली रजनी अडखळत वाचते. मुलं तिला हसली म्हणून मी दटावलं, "चेष्टा मत करो." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मला कुठे ठाऊक? रजनी पुस्तक मिटून खाली बसली.

मी नवी शिक्षिका म्हणून माझे पाठ पाहायला नेमलेल्या सक्सेना मॅडम मागच्या बाकावर होत्या. त्या मला काहीच बोलल्या नाहीत. स्टाफरूममध्ये समोसा खाताखाता त्यांनी सगळ्यांना माझी नक्कल करून दाखवली, तेव्हा मला अर्थ कळला. सगळे हसले. आई, मीही हसले. त्याचीच जास्त किळस येते.

दुसऱ्या दिवशी रजनीजवळ बसून तिची माफी मागितली. तिने विचारलं, "तो पढूँ, मॅडम?" पान संपेपर्यंत मी जागची हलले नाही.

काल माझ्या पाठाचा अहवाल आला. सक्सेना मॅडमनी खाली शेरा दिलाय, "अच्छी चेष्टा."

मी तो मराठीत वाचला.

काळजी करू नकोस, वेळेवर जेवते.

तुझी
ईशानी