पालखीचा पुढचा खांदा आणि माझ्या दोन चकत्या

१७ मार्च, सोमवार
कंबर तीन वर्षांपासून दुखते आहे. आजपासून ठरवलं, कोणाला सांगायचं नाही. दुखणं देव आणि आपण यांच्यातच राहावं. संध्याकाळी शेजारच्या राजकुमारना हा निश्चय सविस्तर सांगितला. ते मध्येच उठले. दूध आणायचं होतं म्हणे.

१९ मार्च
उस्मानपुऱ्यात एमआरआय काढला. त्या नळीत पडून नामस्मरण केलं. मशीन सारखं ठोकत होतं, त्यामुळं ताल चांगला लागला.

२० मार्च
रिपोर्ट आला. इंग्रजीत. लेकीला, तनुजाला वाचायला लावला. एल-चार, एल-पाच या मणक्यांमधली चकती बाहेर सरकली आहे आणि तिच्या खालची सुकली आहे. म्हणजे दोन. शेवटी लिहिलंय, वयानुसार झालेली झीज. हे वाक्य मी धरत नाही. छापीलच असणार.

२१ मार्च
डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही. तुमच्या वयाच्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांना मशीनमध्ये घातलं तरी निम्म्याहून जास्त जणांच्या चकत्या अशाच दिसतील. फिल्म बघत बसू नका. रोज चाला, व्यायाम करा, पडून राहू नका.
फार कनवाळू बाई. पेशंटपासून खरं कसं लपवावं, हे त्यांना कळतं. एवढं हसल्या, त्यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते ओळखलं. घरी येऊन गादीखाली फळी टाकून घेतली आणि आडवा झालो.

२३ मार्च
चैत्र पौर्णिमेला गावी भैरवनाथाची यात्रा. पालखीचा पुढचा उजवा खांदा आमच्या घराचा, तोही थोरल्याचा. वडील गेल्यापासून माझा. थोरल्यानं एकदा खांदा सोडला की तो धाकट्याकडं जातो आणि परत येत नाही, अशी रीत. धाकटा म्हणजे रामकिसन. शेती बघतो. भाऊ म्हणून सोन्यासारखा, पण भक्तीचा पिंड नाही. देवळात रोज दिवा लावतो, तेवढंच.
खांदा सोडणार नाही. उपाय सापडला आहे. यात्रेपर्यंत पूर्ण विश्रांती घ्यायची आणि साठलेली सगळी ताकद त्या दिवशी वापरायची.

२६ मार्च
नळाला आज आठव्या दिवशी पाणी. बायकोनं, करुणानं, आणि तनुजानं ड्रम भरले. मी पडल्या पडल्या सूचना दिल्या. करुणा म्हणाली, कमरेऐवजी तोंडाचा एमआरआय काढायला पाहिजे होता. तोंडाला मणके नसतात, हे तिला शांतपणे समजावलं. ती बादली आपटून गेली. संसारी माणसानं राग गिळावा. मी गिळला.

२ एप्रिल
ऑफिसातले साहेब भेटायला आले. मी विषय काढला नाही, फक्त फिल्म खिडकीला टेकवून ठेवली होती. त्यांनी विचारलं, ही मान का? उलटी लागली होती. सुलटी करून दोन्ही चकत्या दाखवल्या. चहा गार होईपर्यंत ऐकत बसले. माणूस मुळात भाविक.
डॉक्टरीणबाईंनी दिलेला व्यायामाचा कागद सापडत नाही. मनापासून शोधलाही नाही.

६ एप्रिल, रामनवमी
जन्माच्या वेळी उभं राहायला गेलो तर कंबर लाकडासारखी. मागच्या महिन्यात एवढी ताठ नव्हती. विश्रांती कमी पडते आहे. सकाळचीही वाढवली.

१२ एप्रिल, चैत्र पौर्णिमा
करमाडच्या पुढं रस्ता खराब. गावात गाडी थांबली, पण मला उतरता येईना. रामकिसन धावत आला. दादा, लई दुखतंय का रं? मी फिल्म पुढं केली.
बघून म्हणाला, हात्तिच्या, असलं व्हय! माझ्याकडं बी हाय की. गोठ्याच्या खिडकीला लावलंय. वासराला वारं लागत व्हतं.
त्याच्या आधारानं उतरून गोठ्यात जाऊन पाहिलं. मागून ऊन येत होतं, त्यामुळं स्पष्ट दिसलं. तीन चकत्या. मधली माझ्या दोन्हींपेक्षा जास्त सरकलेली.
तुला दुखत नाही का, असं विचारलं. म्हणाला, दुखतं की. पर म्हशीला काय सांगू? डाक्टर म्हनला हिंडता-फिरता राहा, म्हशी बसू देत नायत. आपोआप झालं.
त्यानं आजवर हे मला का सांगितलं नाही, हे विचारणार होतो. तेवढ्यात देवळाकडून चांगभलंचा गजर झाला, तसे पालखीपाशी गेलो.
यात्रेचा कारभार बघणाऱ्या बद्रीनाथ अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी देवाचं नाव घेतलं, खांदा द्यायला खाली वाकलो.
वर आलो नाही.
देव थांबला, गाव थांबलं, हलगी थांबली. कोणीतरी माझ्याकडं बोट करून म्हणालं, आधी तात्याला काढा तिथून. रामकिसननं मला बाजूला बसवून खांदा दिला. पालखी उठली. मी चपलांपाशी बसून हात जोडले.
देव देवळात परतल्यावर त्यानंच मला उचलून गाडीत ठेवलं. म्हणाला, दादा, राग नगं धरू, पर देव हलका हाय तुझ्यापरीस.

१३ एप्रिल, रविवार
बद्रीनाथ अण्णांचा फोन. खांदा रीतीप्रमाणं रामकिसनकडं गेला. मी म्हणालो, देवाची इच्छा. ते म्हणाले, देवाची कशाला, अख्ख्या गावानं बघितलं की. पण गावानं मला टाकलेलं नाही. पुढच्या वर्षीपासून पालखीशेजारी चालत देवावर चवरी ढाळायचा मान मला.
मोठ्या मनानं हो म्हटलं.
फोन ठेवता ठेवता चवरीचं वजन विचारून घेतलं.