बाबांसमोरचा सराव

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू आणि बाळ सुखरूप घरी आलात हे ऐकून जीव भांड्यात पडला. फोनवर त्याचं रडणं ऐकलं. आवाज खणखणीत आहे, म्हणजे मावशीवर गेलेला नाही. इथे सगळं ठीक.

माझी बातमी म्हणजे परवा मी चार लोकांसमोर उभी राहून बोलले. हसू नकोस!

झालं असं, की एका इस्पितळाच्या लिफ्टची तपासणी माझ्याकडे होती. दोर झिजू लागलेत, आत्ताच बदला, त्यासाठी लिफ्ट काही दिवस बंद ठेवा, एवढंच त्यांच्या व्यवस्थापकांना सांगायचं होतं. पहिल्या बैठकीत मी पडद्यावर आकड्यांचं जंगल उभं केलं आणि मान खाली घालून वाचत सुटले. एकजण चक्क डुलक्या घेत होता. "बघू पुढे," म्हणाले आणि उठले.

आमच्या साहेबबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. "दोर खरंच झिजलेत ना?"

"हो."

"मग ते त्यांना कळलं का नाही? पुढच्या बैठकीलाही तूच जायचं."

रोज संध्याकाळी बाबांना समोर बसवून सराव केला. वाक्य लांबलं की ते डोळे मिटायचे. आकडे आले की खिडकीकडे बघायचे. मग मी थांबून तेच सोपं करून सांगायचे. एकदाही त्यांनी मला मध्येच तोडलं नाही.

इथे तू थबकली असशील. आपले बाबा, आणि मध्ये बोलत नाहीत?

ताई, बाबांना बोलता येत नाही. तुला आठवा लागला तेव्हा त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आता चालतात, हाताने जेवतात, सांगितलेलं समजतं. फक्त शब्द सापडत नाहीत. ते झोपलेत, फिरायला गेलेत, असं मी तुला सांगत राहिले. भावोजींना माहीत होतं, पण गप्प राहा असं मीच विनवलं होतं. त्यांच्यावर रागावू नकोस, माझ्यावर रागव.

त्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात. त्यांनीच मला सांगितलं, "एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. मग थांबा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघा." बाबांसाठी शिकले ते मला दुसऱ्या बैठकीत उपयोगी पडलं.

परवा पडद्यावर फक्त दोराचा फोटो लावला. म्हटलं, "हा तुमच्या लिफ्टचा दोर. याच लिफ्टने पेशंट ऑपरेशनला जातात." आणि थांबले. या वेळी मान खाली घातली नाही. तो डुलक्यावाला उठून पडद्याजवळ गेला, नीट बघितलं आणि म्हणाला, "बंद कधीपासून करायची?"

सोमवारपासून काम सुरू होतंय.

घरी येऊन बाबांना सांगितलं, "बाबा, त्यांनी ऐकलं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग ओठ हलायला लागले, कपाळावर घाम आला. मी वाट पाहत राहिले.

"ता... ई?"

त्या आजारपणानंतर पहिल्यांदाच एक अख्खा शब्द आला. तो तुझा होता, आणि तो प्रश्न होता. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

बाळ प्रवासाजोगं झालं की ये. तोवर फोन कर. सावकाश बोल, आणि पलीकडून काही ऐकू आलं नाही तरी फोन ठेवू नकोस. त्यांना वेळ लागतो.

तुझ्या आवाजाची वाट पाहणाऱ्या दोघांपैकी,
तुझी धाकटी