भिजत घातलेलं पातेलं

अहो,

दुधाचं करपलेलं पातेलं सिंकमध्ये तसंच आहे. तुम्ही "भिजत घातलंय, घासतो नंतर" म्हणालात की ते शेवटी मीच घासणार, हे आपल्या दोघांनाही ठाऊक असतं. आज नाही जमलं. जोर लावला की काखेतली गाठ ठणकते. तिच्याबद्दल सांगितलं तेव्हाही तुम्ही "बघू" म्हणालात आणि तेही घोंगडं भिजत पडलं.

काल एकटीच जाऊन दाखवून आले. डॉक्टर मलाच ओरडले, इतके दिवस काय करत होतात म्हणून. आज भरती व्हायचंय, ताई सोबत आहे.

जेवण झाकून ठेवलंय. ताट लगेच विसळा, खरकटं वाळलं की निघत नाही. पातेल्याला वास सुटलाय. ते आजच घासा. या वेळी माझ्यासाठी भिजत ठेवू नका.