लॉनातली काकडी

वायरी, मालवण
गुरुवार, दुपार

प्रिय निकेत,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस, सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत. हातात फोन असताना आईला पत्राचं खूळ कुठून आलं, असं म्हणशील. पण फोनवर तुझा आवाज चढला की माझं बोलणं अर्धंच राहतं, आणि माझा चढला की तुला लगेच किचनमध्ये कोणीतरी बोलावतं. पत्र मध्येच कापता येत नाही. रजा संपली म्हणून विनीत उद्या गोव्याहून मस्कतच्या विमानात बसतोय. त्याला बजावलंय, हे तुझ्याच हातात द्यायचं आणि तू वाचून संपवेपर्यंत समोरून हलायचं नाही. तेव्हा त्या बिचाऱ्याला ताटकळत ठेवू नकोस.

सोमवारी सुदेश माणसं घेऊन येणार, दिव्याचा भाजीचा मांडव उपटणार आणि तिथे पुन्हा गवत लावणार, हे आम्हाला सुदेशकडून कळलं. तू परस्पर सांगितलंस. बाजारात भेटला तेव्हा तो बोलून गेला आणि माझा चेहरा बघून त्याचाच चेहरा पडला. घरी येऊन मी हे दिव्याला सांगितलं नाही, पण तिला कळलंय. अशा गोष्टी घरात लपत नाहीत.

मला लॉनचा राग नाही रे. मागच्या रजेत तू ते स्वतःच्या हातांनी केलंस. बायकोला घेऊन कुठे गेला नाहीस, गवताला मात्र दोन वेळ पाणी घातलंस. तिकडे हॉटेलच्या किचनमध्ये राबताना बाहेरची हिरवळ बघून तुला वाटलं, आपल्या दारातही अशी हवी, आपल्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांनी तिथे बसून चहा प्यावा. त्यात काही चूक नाही. पाहुणे बसतातही, फोटोही काढतात. पण पावसाळ्यात पाहुणा नाही, आणि ते गवत कापता कापता माझी कंबर गेली. तेव्हा मिरगाच्या आधी दिव्याने मला विचारलं, विहिरीकडचा कोपरा भाजीला घेऊ का. मी घे म्हटलं. दोष द्यायचाच असेल तर मला दे.

तिने मागितलं याचाच मला केवढा आनंद झाला, ते तुला कळायचं नाही. वालावलीची शेतकऱ्याची मुलगी ती, आपलं घर मासळीचं. लग्न होऊन आली तेव्हापासून आपल्या घरात पाहुणीसारखी राहिली. साखरेचा डबा उघडतानाही विचारायची. मी बाजारात मासे विकून आले की पाणी गरम करून ठेवायची, पण स्वतः होऊन काही मागायची नाही. तू वर्षातून एक महिना येतोस, तुला ती हसताना दिसते. उरलेले महिने मी बघते. तिने कुदळ मारली त्या दिवशी पहिल्यांदा ती या घरात मोठ्याने बोलली, तेही तुझ्या बाबांवर ओरडली, वाटेत उभे राहू नका म्हणून.

बाबांची गंमत तर तुला सांगायचीच राहिली. मासेमारी बंद, होडी शाकारून ठेवलेली, माणूस घरात बसून वैतागलेला. सुनेला मदत करावी म्हणून कोणाला न विचारता माझी खारवलेल्या बांगड्यांची बरणी मिठाच्या पाण्यासकट वाफ्यात रिकामी केली. वर मला ऐकवतायत, "माडांका मासळीचाच खत घालतंव मां? मगे?" माडाला ताजी मासळी घालतात, खारवलेली नाही, एवढं चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला कळू नये! काकडीची सगळी रोपं जळून गेली. मला वाटलं, आता ही रडणार. तिने नुसतं विचारलं, "बाबांनू, हेच्यात मीठ किती होता?" आणि ते इतके ओशाळले की तिलाच हसू आलं. मग दोघांनी मिळून ती माती काढून फेकली आणि नवी घातली. तिने पुन्हा बी लावलं. वेल वर चढायला लागला तेव्हा बाबांनी त्यांचं जुनं जाळं काढलं, ज्याला मला कधी हात लावू दिला नव्हता, आणि कापून मांडवावर ताणून दिलं. आता त्या जाळ्यात दोडकी अडकतात. बाबा रोज सकाळी उठून बघतात आणि मला ओरडून सांगतात, आज किती लागली.

पहिली काकडी मात्र तिने आम्हाला खाऊ दिली नाही. बियाला ठेवली. पिकून पिवळी झाल्यावर फोडली, बिया राखेत घोळल्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला थापल्या. तू हौसेने दिलेल्या पिस्ता रंगावर! पुढच्या पावसाचं बी भिंतीवर लागलं, म्हणजे पुढच्या पावसात ही पोर इथेच असणार, एवढं मला कळलं आणि बरं वाटलं.

तुला ओवशाचं आठवतं ना? गेल्या वर्षी गौर पूर्वा नक्षत्रात आली नाही, म्हणून तिचा पहिला ओवसा राहिला. यंदा येतेय. नव्या सुनेने सूप भरून गौरीपुढे ठेवायचं, मग घरातल्या थोरांच्या पाया पडायचं, की ती या घरची झाली. दिव्याने ठरवलं होतं, सुपातलं काही बाजारातून आणायचं नाही, काकडी, दोडकं, पडवळ सगळं या दारातलं. त्याच आनंदात तिने तुला मांडवाचा फोटो पाठवला.

तुझा फोन आला तेव्हा ती भाकऱ्या थापत होती, फोन स्पीकरवर होता. गावठीपणा म्हणालास, ते तिने ऐकून घेतलं. पण पुढे म्हणालास, घर माझं आहे, पुढे काय दिसायचं ते मी ठरवणार. तिने फोन पालथा ठेवला. उरलेल्या भाकऱ्या केल्या, तवा उतरवला आणि मला म्हणाली, "आई, मगे माझा घर खंयचा?" तिचं घर कुठलं, ते तूच सांग, निकेत. मला तुझा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

तेव्हापासून ती मांडवाखाली गेलेली नाही. बाबा तोडून आणतात, कोवळं-जून काही कळत नाही, ती ते तसंच चिरते. मंगळवारी माळ्यावरची ट्रंक काढली. गौर येण्याआधी वालावलीला जाते म्हणाली. परत कधी, ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. साड्या भरताना बघितलं तेव्हाही मी धीर सोडला नव्हता. साड्या काय, भरतात आणि पुन्हा काढतात, मीही माझ्या काळात भरल्या आहेत.

पण आज सकाळी मी बाजारातून आले आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर भिंत स्वच्छ होती. एकही बी नव्हतं. तिने सगळ्या बिया सुरीने खरवडून काढल्या, फडक्यात बांधल्या आणि ट्रंकेत साड्यांच्या वर ठेवल्या. भिंतीवर राखेचे डाग तेवढे राहिलेत. शेतकऱ्याची मुलगी बी बरोबर घेते ती पुन्हा यायचं नसतं तेव्हाच. म्हणून हे लिहायला बसले. सुदेशला आजच्या आज नको म्हणून सांग, आणि मग दिव्याला फोन कर. मला नको, तिला. लॉनचं बोलू नकोस, माफीही घाईने मागू नकोस, तुला ती नीट मागता येत नाही. काकडीला फुलं किती आलीत, एवढंच विचार. ती फोन उचलणार नाही. उचलेपर्यंत करत राहा. फुलं मोजायला तिला मांडवाखाली जावं लागेल, आणि एकदा ती तिथे गेली की पुढचं मी बघते.

तुझीच,
आई