बुधवार मोकळा ठेवू नकोस

शनिवार, १४ जून
दुकानावरची खोली

प्रिय कायसा,

सगळं बदललं ते गेल्या रविवारी, माझ्या पलंगावर मांडी घालून बसल्या बसल्या तू "बुधवारी काही नको" म्हणालीस त्या क्षणी.

आधी खुशाली विचारायची असते, हे लिहिल्यावर आठवलं. कशी आहेस? शिबिरातली पोरं छळत नाहीत ना? तळ्याकाठी काळ्या माश्या यंदा भयंकर आहेत म्हणे. मानेला मलम लावत जा, नाहीतर मंगळवारी विद्यापीठाच्या ओळखपत्राच्या फोटोत मान सुजलेली येईल आणि चार वर्षं तोच फोटो गळ्यात वागवावा लागेल. मी बरा आहे. खाली दुकानातली गळाची गांडुळं बरी आहेत. सुट्ट्यांमुळे गिऱ्हाईक वाढलंय आणि माझ्या अंगाचा वास तुला माहीत आहेच.

फोन करायचा तर तुमच्या शिबिरात तो लागत नाही. पण खरं सांगू का, लागला असता तरी मी केला नसता. तोंडाने बोलायला गेलो की माझा आवाज चढतो. लिहिताना चढत नाही. चढलाच तर कागद फाडून दुसरा घेता येतो. हा तिसरा आहे.

रविवारी तू आलीस तेव्हा मी खुशीत होतो. तुझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली, खिमा-बटाटा भरलेली गरम पास्टी, काखेत लॅपटॉप. "दादा, मला नावनोंदणीची तालीम दे," म्हणालीस. मला केवढं मोठं झाल्यासारखं वाटलं! त्या विद्यापीठाने माझ्याकडून काही शिकवून घेतलं असेल तर एवढंच. मंगळवारी, ओरिएंटेशनच्या दिवशी दुपारी तुम्हा ऑनर्सच्या निवडक मुलांना सगळ्यांच्या आधी नावनोंदणीची खिडकी उघडून देतात. पण आधी म्हणजे काही निवांत नव्हे. विषयांचे क्रमांक आधीच कागदावर लिहून ठेवायचे. प्रत्येक विषयाला एक पर्याय ठेवायचा. ऑनर्सचं चर्चासत्र सर्वांत पहिलं टाकायचं, कारण त्यात जागा मूठभर आणि ते घेतलं नाही तर ऑनर्समधून नावच निघतं. गणिताची चाचणी घरूनच देऊन ठेवायची. शाळेत असताना घेतलेल्या कॉलेजच्या विषयांचे गुण पोचलेत का ते सल्लागाराकडून वदवून घ्यायचं. "पोचतील" म्हणाला तर उठायचं नाही, "पोचले" म्हणाला तर उठायचं.

हे सगळं मी पास्टी खात खात सांगत होतो आणि तू मान डोलवत होतीस. मग तू ती बातमी दिलीस, की ऑनर्सच्या कचेरीतून तुला फोन आला होता आणि बोलणारी मुलगी रोवेना होती.

मी हातातली पास्टी खाली ठेवली. तू बघितलंस. बघून न बघितल्यासारखं केलंस, त्याबद्दल आभार.

"ती काय म्हणाली?" मी विचारलं, अगदी सहज. सहज वाटावं म्हणून खिडकीबाहेर बघत.

"म्हणाली, अर्वोची बहीण का तू? मग वेळापत्रकाची काळजीच नको. वेळापत्रक लावण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही."

आपण दोघं किती हसलो! तिने टोमणा मारला होता आणि तो खरा होता. तीन सत्रं मी माझं वेळापत्रक तिच्या वेळापत्रकावर बेतलं होतं. ती दगडांचा अभ्यास करते म्हणून मी दगड घेतले. ती सकाळी आठला वर्गात असते म्हणून मी आठला. खनिजांची लॅब मी कशासाठी घेतली हे त्या प्राध्यापकांनाही कळलं असावं, कारण ते मला आडनावाने हाक मारून, खडा हातात देऊन म्हणायचे, "नीमेला, खड्याकडे बघ." चौथ्या सत्रात तिने त्याच लॅबमध्ये मला शांतपणे सांगितलं, की अर्वो, तू मला आवडतोस पण तसा नाही. मी दार आपटून बाहेर पडलो तो भिंग गळ्यात घेऊनच. विद्यापीठाचं भिंग. ते अजून खिळ्याला लटकतंय. मंगळवारी परत करणार आहे.

तिच्यावर राग नाही आता. ती खरं बोलली. माझ्यासारख्या भडक डोक्याच्या माणसाशी खरं बोलायला छाती लागते. आणि तिने तुझं स्वागत हसून केलं, हे मी विसरणार नाही.

तर, हसून झाल्यावर आपण तालीम सुरू केली आणि तुला ज्या विषयाचं वेड आहे तोच मी पहिला काढला. रसायनशास्त्र, सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळी नऊ. तू नकारार्थी मान हलवलीस. मग मी चर्चासत्र काढलं. बुधवारी दुपारी. तू म्हणालीस, "बुधवारी काही नको. सोमवारी, शुक्रवारी पण नको. सगळं मंगळवार-गुरुवारात बसव."

"सुट्टीची एवढी हाव?" मी म्हणालो.

"बाबांची खुर्ची त्या तीन दिवशी असते."

एवढंच बोललीस. रडवेली नाही झालीस, माझ्याकडे रोखून बघितलं नाहीस. पाऊस आहे म्हणून छत्री घे म्हणावं, तशा आवाजात. बाबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत बसावं लागतं हे मला माहीत होतं. पण त्यांना नेतं कोण, हे मी विचारलंच नव्हतं. शेजारच्या हाक्कीलाकाकू नेत असतील, असं मी आपलं धरून चाललो होतो. त्या क्षणी कळलं, शाळेच्या आधी तू नेत होतीस, आणि शाळा सुटल्यावर आणायला जात होतीस. पूर्ण हिवाळा, त्या बर्फातून.

आणि मग मी जे केलं ते तुला माहीत आहेच. ओरडलो. तुझ्यावर! ऑनर्स सोडायचं म्हणजे काय, मूर्ख आहेस का, माझ्यासारखं व्हायचंय का. तू लॅपटॉप मिटलास, पास्टीचा कागद घडी करून खिशात टाकलास आणि म्हणालीस, "माझ्यासारखं-तुझ्यासारखं नाही रे दादा. कुणीतरी गाडी चालवायला हवी." आणि शिबिराला निघून गेलीस.

दोन दिवस मी दुकानात बोटींची इंजिनं उघडत होतो आणि परत बसवत होतो. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची चांगली चालणारी मोटारबोटसुद्धा उघडली. तिसऱ्या दिवशी पहाटे हाक्कीलाकाकूंच्या दारात उभा राहिलो. तू शिबिरात, म्हणून या आठवड्यात त्या नेणार होत्या ना.

काकू अंगावर गाऊन, हातात किल्ल्या. मला खालून वर बघितलं. "अर्वो? तू की तुझं भूत?"

"मी नेतो त्यांना, काकू."

"त्यांना विचारलंस?"

"नाही."

"बरं केलंस. विचारलं असतंस तर नाही म्हणाले असते." किल्ली माझ्या हातात ठेवून त्या दार लावता लावता म्हणाल्या, "हळू चालव. त्यांना मारायचं असेल तर मी आहे."

बाबा पायऱ्यांवर बसले होते, मांडीवर घोंगडी. काकूंच्या गाडीतून मी उतरलो. मी दार उघडून धरलं, ते घोंगडी आवरून आत बसले. दीड वर्षाने भेटलेले नीमेला एकमेकांशी काय बोलणार! सगळी वाट गाडीत हवामानाच्या बातम्या लागल्या होत्या आणि आम्ही दोघं त्या अशा ऐकत होतो, जणू परीक्षा आहे.

डायलिसिसच्या केंद्रात गेल्यावर परिचारिका ग्लेनिसने नळ्या जोडल्या आणि माझ्याकडे भुवई उंचावून बाबांना विचारलं. "हा कोण हो, रेनो?"

"मुलगा आहे. गळाला लावायला गांडुळं आणतो म्हणून गेला होता."

"केव्हा?"

"दीड वर्ष झालं."

"मिळाली का?" तिने मलाच विचारलं. मी म्हणालो, "भरपूर." बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू असावं. मी शपथेवर सांगणार नाही.

मग ते डोळे मिटून पडले. ते यंत्र रक्त बाहेर ओढतं, धुतं आणि परत आत सोडतं, आणि सुट्टीच्या दिवसांत तू त्याच्याकडे टक लावून बसत असशील, हे मला तिथे बसल्यावर कळलं. रसायनशास्त्राचं वेड तुला कुठून लागलं तेही. कायसा, मी एका मुलीच्या मागे दगडांच्या वर्गात गेलो. तू कशाच्या मागे चालली आहेस ते बघून मला लाज नाही वाटली, अभिमान वाटला. दोघंही एकाच घरातले, बघ.

बऱ्याच वेळाने बाबा डोळे न उघडता म्हणाले, "हिचं कॉलेज आता दोनच दिवस असतं म्हणे. मंगळवारी आणि गुरुवारी. आमच्या वेळी कारखानासुद्धा सहा दिवस असायचा."

तू त्यांना असं सांगितलंस! आणि त्यांनी विश्वास ठेवला, कारण आपल्या घरात कॉलेज कसं असतं ते सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो दीड वर्ष या दुकानावरच्या खोलीत बसला होता.

मी म्हणालो, "पाच दिवस असतं, बाबा. ऑनर्सचं चर्चासत्र बुधवारी असतं. ते घेतलं नाही तर ऑनर्स गेलं."

त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं आता बोलणी बसणार. एका पोरीपायी शिक्षण टाकलंस, हे ते मी घर सोडलं त्या रात्री बोलले होते, आणि मी स्वयंपाकघराचं दार असं आपटलं होतं की वरची बिजागरी उपटून आली. ते पुन्हा तेच बोलणार म्हणून मी उत्तरं जुळवत होतो. चांगली झणझणीत उत्तरं.

ते म्हणाले, "मग तू बुधवारी काय करतोस?"

"काही नाही."

"मग ये की."

एवढंच. मी त्यांची सरकलेली घोंगडी वर ओढली.

परतताना त्यांना फार थकवा आला होता. दंडाला धरून पायऱ्या चढवल्या. स्वयंपाकघराचं दार अजून तसंच आहे, एका बाजूने लोंबतंय. तुम्ही ते उचलून लावता ना? मी विचारलं, "दुरुस्त का नाही केलंत?" तर म्हणतात, "ज्याने मोडलं त्याला येतं." काल शुक्रवारी पुन्हा नेलं त्यांना. काल तर त्यांनी मला गाडी कशी वळवायची हेही सांगितलं, म्हणजे आता सगळं सुरळीत आहे.

दुकानाच्या मालकांशी बोललोय. सोमवार-बुधवार-शुक्रवार मी दुपारनंतर येणार. ते म्हणाले, "तुझं डोकं थंड राहणार असेल तर पहाटे ये नाहीतर मध्यरात्री ये." खोली मात्र सोडतोय, घरी राहायला जातोय. तू वसतिगृहात राहायचंस. ऑनर्सची मुलं जिथे राहतात तिथेच, घरून ये-जा करायची नाही. माझी आठवण आली तर रविवारी ये. या खेपेला पास्टी मी करीन. गाजर घालणार, आधीच सांगतो. तक्रार बाबांकडे.

मंगळवारी तुझ्याबरोबर मी येतो. पालकांची सभा वेगळी असते, तिथे गार कॉफी देतात आणि मुलांना मोकळं सोडायला शिकवतात. मी बसेन. ऐकून घेईन. रोवेना समोर आली तर भिंग देईन, नमस्कार करीन आणि तोंड बंद ठेवीन. शेवटचं जमेलच असं नाही.

माझ्या शिक्षणाचं नंतर बघू. त्यावर आता एक शब्द नको.

कायसा, त्या जिन्याला किती घाण वास येतो. दर रविवारी तू तो चढून आलीस. कधी परत येणार, असं एकदाही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी दार आपटलं असतं. तू पास्टी ठेवायचीस, माझे मळके कपडे उचलायचीस आणि शाळेतल्या गमती सांगायचीस. तुझ्या त्या रविवारांनीच मला घरापासून फार लांब जाऊ दिलं नाही. हे तोंडाने मला कधी म्हणता येणार नाही, म्हणून इथे लिहिलंय. जपून ठेव.

रसायनशास्त्र, नऊ वाजता. चर्चासत्र, बुधवारी दुपारी. आधी चर्चासत्र टाक.

पिशवी भरली आहे. खिळ्यावरचं भिंग काढलं, खिशात नवी बिजागरी आहे. घरी जाताना वाटेत तुझं शिबिर लागतं, तिथल्या कचेरीत हे पत्र ठेवतो. आता उठतो, बाहेर पडतो आणि दार लावतो. हळूच.

घरी तुझी वाट बघणारा,
तुझा दादा
अर्वो