सड्यावरचं दीड एकर रान

९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

रणजीत हसला! सख्खा भाऊ, आणि फोनवर खो-खो हसला.

आज कंपनीला सुट्टी. भांडी आवरत होते, तेवढ्यात माहेराहून विमलकाकींचा फोन. "साधना, तुझ्या भावानं सड्यावरलं रान द्यायचं कबूल केलंय बघ. बॉक्साइटवाल्यांस्नी." आमचं दीड एकर सड्याच्या, म्हणजे गावावरच्या खडकाळ पठाराच्या, ऐन तोंडाशी आहे, वर जायची गाडीवाट त्यातूनच. ते एकदा खाणीला गेलं की बाकी गावानं कितीही 'नाही' म्हटलं तरी काय उपयोग? वरचा तांबडा दगड खरवडला की खालचे झरे आटणार. आणि गावाला दुसरं पाणी नाही.

लगेच रणजीतला फोन लावला. म्हटलं, आबांच्या मागं लेक म्हणून त्या रानाला माझंही नाव आहे, मी सही देणार नाही. तर हा हसला. "बरं बरं. नको देऊस." दिवसभर डोकं भणभणतंय.

११ ऑक्टोबर

कंपनीच्या बसमध्ये सोबत काम करणाऱ्या साक्षीला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, आणि वर म्हणते — "पण ताई, आपण दिवसभर तपासतो ती गिअरबॉक्सची हौसिंग ॲल्युमिनियमचीच ना? त्याचं बॉक्साइट कुठून तरी खणूनच काढतात की." चाकण येईपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलले नाही. तिचं खरं होतं, म्हणून जास्तच राग आला.

१४ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर सातबारा काढला. आईचं नाव आहे. रणजीतचं आहे. माझं नाही!

मग आठवलं. आबा गेले त्या वर्षी दिवाळीत रणजीत मला तालुक्याला घेऊन गेला होता. "वारस नोंदीचं हाय, अक्का. सही कर." फोटो काढला, अंगठा घेतला, चार ठिकाणी सह्या. घरी आल्यावर आईनं साडी-चोळी केली. हिरवी साडी. अजून कपाटात आहे. ते हक्कसोडपत्र होतं. वाचलं नाही, कारण भावानं पुढे केलेला कागद बहिणीनं वाचत बसायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं! इथं कंपनीत माप वीस मायक्रॉन जास्त भरलं तर मी पार्ट रिजेक्ट करते. सुपरवायझर चिडला तरी करते. आणि तिथं? गाढवासारख्या सह्या ठोकल्या. मागितलं असतं तर मी हक्क आनंदानं सोडला असता, हेच जास्त लागलंय.

संध्याकाळी आईला फोन केला. तुला माहीत होतं? म्हणाली, "सगळ्याच लेकी सोडत्यात की गं." आणि आता खाणीच्या कागदावर तुझा अंगठा? "रणजीत म्हणंल तसं." मी फोन आपटला. पोरगा, पोरगा, पोरगा! जन्मभर त्याच्याच ताटात तूप वाढलं तिनं.

१५ ऑक्टोबर

हिरवी साडी बोहारणीला दिली. एक पातेलं आलं.

१९ ऑक्टोबर

काल ग्रामसभेत खाणीविरुद्ध ठराव झाला. विमलकाकी फोनवर ओरडून ओरडून सांगत होत्या — घसा बसलेला, तरी थांबेनात. रणजीत मधूनच उठून गेला म्हणे. आई आलीच नाही. रान खाणीला द्यायच्या दस्ताची तारीख पण ठरली, सोमवारी सत्तावीसला, सकाळी अकरा वाजता. रणजीतची सही आणि आईचा अंगठा. "तुझी आई अडवंल तर अडवंल. दुसरं कोन?" काकी म्हणाल्या. ती काय अडवणार! तिनं आजवर त्याला कधी पाणी गार आहे की गरम, तेवढंसुद्धा उलटून सांगितलेलं नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आला. मिठाईचा बॉक्स घेऊन, जसं काही झालंच नाही. मी पाट मांडला नाही की ताट केलं नाही. यांनी त्याला बसवलं, चहा दिला — "घरी आलेल्या माणसाला असं करू नये." यांना काय जातंय?

विचारलं त्याला, सही फसवून का घेतलीस? "फसवून कसलं? लग्न आबांनीच करून दिलं न्हवं?" मग झऱ्यांचं काढलं, तर उसळला. "रोज ॲल्युमिनियमवर पोट भरतीस आन् मला अक्कल शिकवतीस? तू इथं नळाचं पाणी पितीस. त्या माळावर कुसळाबिगर काय उगवलंय का कवा? मी तिथंच कुजायचं?" त्याचे डोळे भरले होते. भरू देत. मी दार उघडून धरलं. तो न ओवाळता गेला, आणि मला अजिबात वाईट वाटलेलं नाही.

वाटलं. पण थोडंच.

२६ ऑक्टोबर

आईला तीन वेळा फोन केला. बंद. बंद ठेवलाय की ठेवायला लावलाय, मला काय करायचंय! उद्या अंगठा देईल, आणि मला माहेर संपलं. परत तिचं तोंड बघणार नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी सहाला बेल वाजली. दारात आई. एकटी. हातात पिशवी. रात्रीच्या एसटीनं वल्लभनगर स्टँडला उतरली, आणि माझा पत्ता लिहिलेली चिठ्ठी दाखवत रिक्षानं आली. आयुष्यात कधी तालुक्याच्या पुढं एकटी गेलेली नाही.

"पोराला तोंडावर न्हाई म्हणाय येत न्हाई बघ मला," म्हणाली. "म्हणून निघून आलो."

मी कामावर गेले नाही. अकरा वाजून दहा मिनिटांनी रणजीतचा फोन आला. "अक्का, आई तुझ्याकडं आलीया का?"

आई समोर बसून माझ्याकडे बघत होती. मी "नाही" म्हटलं.